विश्लेषण : पगार नाही, खेळाडूंची खरेदी नाही, तरी खापर व्यवस्थापकावरच! गेलिक फुटबॉलचे चाहते एवढे का संतापतात?

जून २०२५च्या उत्तरार्धात, पंधरा दिवसांच्या आत, आयर्लंडमधल्या दोन मातब्बर गेलिक फुटबॉल संघांचे व्यवस्थापक पायउतार झाले. डोनेगालकडून अगदी शेवटच्या क्षणी हरल्याने मेयोचा संघ गटातच गारद झाला आणि तिथल्या कौंटी मंडळाने केविन मॅकस्टे यांना तत्काळ दूर केले. त्यानंतर डब्लिनचा संघ उपांत्यपूर्व फेरीत टायरोनकडून हरला आणि डेसी फॅरेल यांनी सामना संपताच स्वतःहून पद सोडले. फॅरेल यांच्या नावावर २०२० आणि २०२३ अशी दोन अखिल आयर्लंड विजेतेपदे होती. मॅकस्टे यांनी २०२३ मध्ये मेयोला राष्ट्रीय लीग जिंकून दिली होती. तरीही दोघांच्या जाण्याचे आश्चर्य फारसे कुणाला वाटले नाही. आयर्लंडमध्ये उन्हाळा संपत आला की हरलेल्या कौंटीचा व्यवस्थापक जाणार, हे जवळपास गृहीतच धरलेले असते.

आपल्याकडेही प्रशिक्षकाची गच्छंती नवी नाही. २००७च्या विश्वचषकात भारत पहिल्याच फेरीत बाद झाला, तेव्हा ग्रेग चॅपेल गेले आणि रांचीत महेंद्रसिंह धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर जमाव चालून गेला. पण चॅपेल हे करारावर आलेले व्यावसायिक प्रशिक्षक होते. गेलिक फुटबॉलमध्ये ज्याच्यावर लोक चिडतात, तो बहुतेक वेळा त्यांच्याच तालुक्यातला शिक्षक, बँकेतला कर्मचारी नाहीतर दुकानदार असतो. सोमवारी सकाळी त्याला त्याच लोकांमध्ये कामावर जायचे असते. त्यामुळे इथला राजीनामा आणि त्यावरचा चाहत्यांचा राग, दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत. त्यासाठी सर्वात बोलके उदाहरण मात्र मेयो किंवा डब्लिनचे नाही. ते २०१८चे, केरीचे आहे.

आधी हा खेळ काय आहे?

दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. चेंडू गोल, साधारण व्हॉलीबॉलच्या आकाराचा. तो हातात धरता येतो, पायाने मारता येतो, मुठीने ढकलता येतो. मात्र हातात घेऊन चार पावलांपेक्षा जास्त धावता येत नाही. तो टप्पा द्यावा लागतो किंवा स्वतःच्याच पायावर टाकून पुन्हा हातात घ्यावा लागतो. गोलपोस्ट इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा असतो. आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. वरून गेला तर एक गुण. २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या यशस्वी फटक्याला दोन गुण मिळतात. धावफलकावर १-१३ असे लिहिलेले दिसले, तर एक गोल आणि तेरा गुण, एकूण सोळा, असे समजायचे.

या खेळाची मालकी गेलिक अॅथलेटिक असोसिएशन या संस्थेकडे आहे. ही संस्था १८८४ मध्ये थर्ल्स या गावी स्थापन झाली. ब्रिटिश राजवटीत आयरिश खेळ, भाषा आणि स्वाभिमान जपण्याच्या चळवळीतून ती उभी राहिली. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला आणि १४ जणांचा बळी गेला. त्यात टिपररीचा खेळाडू मायकल होगन होता. आज त्याच मैदानातल्या मुख्य प्रेक्षागृहाला त्याचे नाव आहे. जालियनवाला बाग त्याच्या दीडच वर्ष आधीची, हे लक्षात घेतले की या खेळाला आयर्लंडमध्ये निव्वळ करमणूक का मानत नाहीत ते मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

रचना तळापासून वर जाते. गावचा, खरे तर चर्चच्या पॅरिशचा क्लब. अनेक क्लब मिळून कौंटी. ३२ कौंटी मिळून अखिल आयर्लंड स्पर्धा. उत्तर आयर्लंडच्या सहा कौंटीही त्यात आल्या. जिथे जन्मलात, जिथे वाढलात, त्या क्लबकडून आणि त्या कौंटीकडून खेळायचे, हा दंडक. खेळाडूंचा लिलाव नाही, आयपीएलसारखी बोली नाही. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पगार नाही. ८२ हजारांहून अधिक प्रेक्षक मावणाऱ्या क्रोक पार्कमध्ये अंतिम सामना खेळणारा खेळाडू दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवायला, शेतावर किंवा ऑफिसात जातो. प्रवासखर्च मिळतो, सरकारचे थोडे अनुदान मिळते, एवढेच.

मग व्यवस्थापकाला मिळते काय?

नियमाप्रमाणे त्यालाही फक्त खर्च मिळतो. बाहेरच्या कौंटीतून आणलेल्या काही व्यवस्थापकांना पडद्याआडून पैसे दिले जातात, ही कुजबुज आयर्लंडमध्ये जुनी आहे. २०१२ मध्ये संस्थेचे तत्कालीन महासंचालक पॉरिक डफी यांनी या विषयावर चर्चापत्रच मांडले होते. ठोस निर्णय झाला नाही आणि कुजबुज चालू राहिली. पण केरीसारख्या ठिकाणी व्यवस्थापक घरचाच असतो आणि तो हे काम आपली नोकरी सांभाळून करतो.

हे काम म्हणजे प्रशिक्षक, निवड समितीचा अध्यक्ष, मानसोपचारतज्ज्ञ आणि प्रवक्ता अशा चौघांचे एकत्र. संघ निवडायचा, आठवड्यातल्या तीन-चार संध्याकाळी सराव घ्यायचा, डब्लिनमध्ये नोकरी करणारी पोरे तीनशे किलोमीटर गाडी हाकत सरावाला येतात त्यांची सोय बघायची, क्लबांशी तारखांवरून भांडायचे, पत्रकारांना उत्तरे द्यायची. मराठी वाचकाला आयर्लंड आठवतो तो मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी नाते सांगणाऱ्या लिओ वराडकरांमुळे. मार्च २०२४ मध्ये त्यांनीही पंतप्रधानपद सोडण्याची घोषणा केली. वराडकरांना त्या पदाचा पगार तरी मिळत होता.

व्यवस्थापकाच्या हातात नसलेल्या गोष्टींची यादी मात्र लांब आहे. त्याला खेळाडू विकत घेता येत नाही. कौंटीत त्या पिढीत चांगला गोलरक्षक जन्मलाच नाही, तर तो आणायचा कुठून? कौंटीची लोकसंख्या, मंडळाची तिजोरी, स्पर्धेचे वेळापत्रक, यातले काहीच त्याच्या हाती नाही. २०१६च्या जनगणनेनुसार डब्लिनची लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या आसपास होती, केरीची दीड लाखालाही थोडी कमी. दोघे एकाच स्पर्धेत, एकाच चषकासाठी खेळतात.

आणि इथेच चाहत्यांच्या रागाची मेख आहे. संघ हरला की बदलता येण्यासारखी गोष्ट एकच उरते. खेळाडू आपलीच पोरे, त्यांना काढून टाकणार कुठे? कौंटी बदलता येत नाही. मंडळ बदलायला निवडणूक लागते. व्यवस्थापक मात्र एका संध्याकाळी बदलता येतो.

केरीत २०१८ मध्ये काय घडले?

केरी म्हणजे गेलिक फुटबॉलमधली मुंबई. रणजी करंडक मुंबईने ४२ वेळा जिंकला. अखिल आयर्लंड विजेतेपदाचा सॅम मॅग्वायर चषक आणि त्याआधीची विजेतेपदे धरून केरीच्या नावावर ३९ आहेत. इतर कौंटींना अंतिम फेरी गाठली तरी सोहळा करावासा वाटतो. केरीत अंतिम फेरी हरणे म्हणजे वाया गेलेले वर्ष.

एमन फिट्झमॉरिस ऑगस्ट २०१२ मध्ये या संघाचे व्यवस्थापक झाले. खेळाडू म्हणून त्यांनी स्वतः तीन अखिल आयर्लंड पदके मिळवली होती. पेशाने ते डिंगलच्या शाळेत शिक्षक. त्यांच्या सहा मोसमांचा हिशेब मांडला तर तो असा : मन्स्टर प्रांताचे विजेतेपद सहाच्या सहा वेळा, २०१४ मध्ये डोनेगालला हरवून अखिल आयर्लंड विजेतेपद, २०१७ मध्ये डब्लिनची ३६ सामन्यांची अपराजित मालिका मोडून राष्ट्रीय लीग. दुसऱ्या बाजूला २०१३, २०१५ आणि २०१६ मध्ये डब्लिनकडून पराभव, त्यातला २०१५चा अंतिम फेरीत. आणि २०१७ मध्ये मेयोकडून उपांत्य फेरीच्या फेरसामन्यात. हा हिशेब इतर कोणत्याही कौंटीत दाखवला असता तर लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले असते.

२०१८ मध्ये त्यांनी संघ जवळपास नव्याने बांधला. डेव्हिड क्लिफर्ड आणि शॉन ओ’शे यांच्यासारखी कोवळी पोरे त्याच वर्षी वरिष्ठ संघात आली. क्लिफर्ड तेव्हा १९ वर्षांचा होता. मन्स्टरच्या अंतिम सामन्यात कॉर्कचा धुव्वा उडाला आणि केरीत पुन्हा चषकाची स्वप्ने पडू लागली. त्याच वर्षी उपांत्यपूर्व फेरीऐवजी चार-चार संघांच्या दोन गटांची नवी पद्धत सुरू झाली होती. पहिल्या सामन्यात क्रोक पार्कवर गॉलवेकडून तीन गुणांनी हार. दुसरा सामना क्लोन्सला, मोनाहनविरुद्ध. क्लिफर्डने अगदी शेवटी गोल केला म्हणून बरोबरी तरी झाली. ४ ऑगस्टला किलार्नीच्या घरच्या मैदानावर केरीने किल्डेअरला हरवले, पण त्याच वेळी तिकडे मोनाहनने गॉलवेला हरवल्याने दोघेही पुढे गेले आणि केरी बाहेर. एक विजय, एक बरोबरी, एक पराभव. त्याच दिवशी फिट्झमॉरिस यांनी पद सोडत असल्याचे सांगितले.

त्यांनी जे कारण दिले ते ऐकून आयर्लंड थोडे हादरले. आपल्याला निनावी, ओंगळ पत्रे येतात, खोकेभर जमली आहेत, असे त्यांनी उघड केले. आपण पदावर राहिलो तर आपल्यावरचा रोख या तरुण संघावरचे दडपण वाढवत राहील, म्हणून बाजूला होतो, असा त्यांच्या म्हणण्याचा सूर होता. पत्रे! ट्विटर-फेसबुकच्या जमान्यात कुणीतरी कागद घेऊन बसले, मजकूर लिहिला, पाकिटावर तिकीट चिकटवले आणि नाव तेवढे लिहिले नाही. समाजमाध्यमावरची शिवी सामना हरल्याच्या झणझणीत क्षणी दिली, अशी सबब तरी सांगता येते. पत्राला ती सोय नाही. ते टपालपेटीत पडेपर्यंत विचार बदलायला भरपूर वेळ असतो.

राजीनाम्यानंतर सूर झपाट्याने बदलला. ज्यांना त्यांचे डावपेच पटत नव्हते, त्यांनीही त्या पत्रांचा निषेध केला. सहा वर्षांच्या कामाची आठवण झाली. केरीत हे पहिल्यांदा घडले होते असेही नाही. पॉडी ओ शे यांनी १९९७ मध्ये केरीचा अकरा वर्षांचा दुष्काळ संपवला, २००० मध्ये पुन्हा विजेतेपद आणले. २००३च्या सुरुवातीला एका मुलाखतीत केरीच्या चाहत्यांना हाताळणे किती अवघड आहे हे सांगताना त्यांनी चाहत्यांना जनावरांची उपमा दिली, तीही शिवी घालून. गहजब झाला, त्यांना माफी मागावी लागली आणि त्याच वर्षी त्यांचे पदही गेले. आज व्हेंट्रीला त्यांच्या पबजवळ त्यांचा पुतळा उभा आहे.

मग चाहत्यांचे सगळेच चुकले का?

नाही. हौशी खेळ आहे, फुकट काम करतो, तेव्हा त्याच्यावर टीकाच करू नका, हा युक्तिवाद ऐकायला सात्त्विक वाटतो, पण टिकत नाही. फुकट काम करणाऱ्या सरपंचालाही ग्रामसभेत प्रश्न विचारतातच. गेलिक फुटबॉलचा चाहता हा तिकीट काढून येणारा निव्वळ गिऱ्हाईक नसतो. तो क्लबचा वर्गणीदार असतो, त्याची मुले तिथे खेळतात, त्याने मैदानावर चुना मारलेला असतो, लॉटरीची तिकिटे खपवलेली असतात. संघ खरोखरच त्याचा आहे. आपल्या वस्तूबद्दल माणूस बोलणारच.

शिवाय फिट्झमॉरिस यांच्यावरच्या आक्षेपांत दखल घेण्याजोगे काही होते. केरीचा संघ पूर्वापार उघड्या दरवाजांनी सराव करायचा. संध्याकाळी म्हातारेकोतारे किलार्नीच्या मैदानावर येऊन पोरांचा सराव बघायचे, शेरेबाजी करायचे, घरी जायचे. फिट्झमॉरिस यांनी दरवाजे बंद केले. त्याला कारणही होते : २०१४च्या अंतिम सामन्याआधी डोनेगालच्या बाजूचा म्हणून सांगितला गेलेला एक जण मैदानाशेजारच्या झाडावर चढून सराव न्याहाळताना सापडला होता! पण जुन्या चाहत्यांना बंद दरवाजा लागला तो लागलाच. जे वर्षभर डोळ्यांसमोर दिसत होते ते आता फक्त सामन्याच्या दिवशी दिसू लागले. कष्ट दिसेनात, निकाल तेवढा दिसू लागला. डावपेच जास्त सावध आहेत, केरीचा मुक्त खेळ हरवला, ही टीकाही होती. पटो न पटो, तिच्यावर वाद घालता येतो.

फरक नेमका इथे आहे. डावपेचांवरच्या टीकेला उत्तर देता येते, संघ बदलून दाखवता येतो. निनावी पत्राला उत्तर देता येत नाही, कारण ते कुणाला द्यायचे हेच ठाऊक नसते. आणि ते लिहिणारा बहुधा कौंटीतलाच, म्हणजे कदाचित समोरून येऊन हात मिळवणारा. छोट्या गावात व्यवस्थापकाला प्रत्येक चेहऱ्याकडे बघताना तोच प्रश्न पडत असणार. त्याच्या घरच्यांनाही. व्यावसायिक क्लबचा प्रशिक्षक हकालपट्टीनंतर नुकसानभरपाई घेऊन दुसऱ्या देशात निघून जातो. डिंगलच्या शिक्षकाला दुसऱ्या दिवशी डिंगलच्याच शाळेत जायचे असते.

मेयोत राग दुसरीकडे का वळला?

नागपूरकरांना मेयो म्हटले की सरकारी रुग्णालय आठवते. ज्या व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंचे ते नाव, त्यांच्या उमरावकीचा किताब आयर्लंडच्या पश्चिमेकडील याच कौंटीवरून आलेला. फुटबॉलमध्ये या कौंटीची कहाणी केरीच्या अगदी उलट आहे. शेवटचे विजेतेपद १९५१ मध्ये. १९८९ पासून अकरा अंतिम फेऱ्या खेळून अकराही हरलेल्या. २०१६चा फेरसामना एका गुणाने, २०१७चा अंतिम सामनाही एका गुणाने. १९५१चा विजयी संघ मिरवत येताना फॉक्सफर्डला एका अंत्ययात्रेसमोर थांबला नाही म्हणून धर्मगुरूने शाप दिला, त्या संघातला शेवटचा खेळाडू हयात असेतो मेयो जिंकणार नाही, अशी दंतकथा आहे. तो शेवटचा खेळाडू सप्टेंबर २०२१ मध्ये वारला. त्यानंतर मेयोने अंतिम फेरीही गाठलेली नाही, त्यामुळे शापाला दोष देण्याची सोयही आता गेली.

मेयोत व्यवस्थापक सतत बदलतात. २०१५ मध्ये तर खेळाडूंनीच अविश्वास दाखवल्याने पॅट होम्स आणि नोएल कॉनेली ही जोडी एका मोसमात गेली. त्यांच्या जागी आलेल्या स्टीफन रॉचफर्ड यांनी सलग दोन अंतिम फेऱ्या गाठल्या. २०१८ मध्ये मेयो किल्डेअरकडून हरून लवकर बाहेर पडला आणि ऑगस्ट महिन्यात, म्हणजे फिट्झमॉरिस गेले त्याच महिन्यात, रॉचफर्ड यांनीही राजीनामा दिला. त्यांनी निकालांचे कारण दिले नाही. कौंटी मंडळाच्या कार्यकारिणीचा पाठिंबा नाही, असे सांगितले. चाहत्यांचा रोख मग व्यवस्थापकावरून मंडळाकडे वळला.

२०२५ मध्येही तसेच झाले. मॅकस्टे यांच्या संघाने त्या मोसमात निराशा केली होती. गटातला पहिलाच सामना घरच्या मैदानावर कॅव्हनकडून हरला होता. स्वतः मॅकस्टे एप्रिलमध्ये हृदयाच्या तक्रारीमुळे काही काळ बाजूला झाले होते आणि धुरा तात्पुरती सांभाळली होती ती सहायक म्हणून परतलेल्या रॉचफर्ड यांनीच. आता बदल हवा, असे म्हणणारे चाहते कमी नव्हते. पण मंडळाचे निवेदन आले ते कामावरून कमी केल्याच्या नोटिशीसारखे, ‘तत्काळ प्रभावाने’ वगैरे भाषेत. लोक चिडले ते त्या भाषेवर. स्वतःच्या वेळेचे, तब्येतीचे मोल देऊन तीन वर्षे राबलेल्या माणसाला निरोप असा देतात का, हा त्यांचा प्रश्न होता. बदल हवा असणारे आणि नको असणारे या मुद्द्यावर एका बाजूला आले, ही मेयोच्या मंडळाची कमाईच म्हणायची.

हे दृश्य सुखावणारे आहे, पण त्याने दिपून जायला नको. मंडळावरचा रागही निवेदनाच्या भाषेपाशी थांबला तर मंडळाला तो परवडतो. नवा व्यवस्थापक नेमला की पाने उलटतात. अँडी मोरन हे मेयोचे लाडके माजी खेळाडू पदावर आले आणि चर्चा पुढच्या मोसमाकडे वळली. पंधरा वर्षांत इतके व्यवस्थापक का लागले, हा प्रश्न कुठल्याही एका व्यवस्थापकाला विचारता येत नाही. तो ज्यांना विचारायचा ते प्रत्येक वेळी नव्या माणसाला हार घालताना फोटोत असतात.

राजीनाम्याने निकाल बदलतात का?

केरीचे पुढचे पाहा. फिट्झमॉरिस यांच्यानंतर पीटर कीन आले. कुमार संघाला विजेतेपदे मिळवून दिलेला हा माणूस, म्हणजे पोरांना ओळखणारा. २०१९ मध्ये अंतिम सामना बरोबरीत सुटून फेरसामना डब्लिनने जिंकला. २०२० मध्ये कॉर्कने अगदी शेवटच्या क्षणीच्या गोलने घरी पाठवले. २०२१ मध्ये टायरोनकडून उपांत्य फेरीत जादा वेळेनंतर एका गुणाने हार. कीनही गेले. जॅक ओ’कॉनर परत आले, त्यांची ही तिसरी खेप. आणि २०२२ मध्ये केरी जिंकला. त्या वर्षी उपांत्य फेरीत डब्लिनविरुद्धचा शेवटचा निर्णायक फटका मारला शॉन ओ’शेने, आणि संघाचा कणा होता क्लिफर्ड. २०१८ मध्ये, ज्या मोसमाला अपयशी ठरवले गेले, त्यात मैदानात उतरवलेली हीच ती पोरे.

व्यवस्थापक बदलला म्हणून चषक आला, असे म्हणणाऱ्यांना २०२२ पुरावा वाटतो. चार वर्षांत पोरे मोठी झाली, दरम्यान डब्लिनची सोनेरी पिढी थकली, असे म्हणणाऱ्यांनाही तोच पुरावा. ओ’कॉनर यांचे कौशल्य नाकारायचे कारण नाही. पाच विजेतेपदे योगायोगाने मिळत नाहीत. पण २०१८च्या पत्रलेखकांना जे दिसत नव्हते ते वेळेने दाखवले, हे तर खरेच. २०२५ मध्ये पुन्हा तेच. गटात मीथने केरीला नऊ गुणांनी हरवले तेव्हा एकखांबी तंबू, थकलेला व्यवस्थापक, अशी टीका सुरू झाली. काही आठवड्यांनी केरीने गतविजेत्या आर्माला लोळवले तेव्हा ओ’कॉनर यांनी टीकाकारांना भर पत्रकार परिषदेत सुनावले. २७ जुलैला डोनेगालला दहा गुणांनी हरवून चषक किलार्नीच्या वाटेला लागला. मीथच्या सामन्यानंतर त्यांनी राजीनामा दिला असता तर तोही त्या आठवड्यात रास्तच वाटला असता.

आणि मंडळे?

कौंटीचा व्यवस्थापक आकाशातून पडत नाही. मंडळाची समिती नाव सुचवते, क्लबांचे प्रतिनिधी सभेत त्याला मान्यता देतात. वर्षअखेरीस कौंटीचे अधिवेशन भरते, पदाधिकारी निवडले जातात, ताळेबंद मांडला जातो. म्हणजे निनावी पत्र लिहिणाऱ्यालाही आपल्या क्लबच्या सभेत नावानिशी उभे राहून प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. जगातल्या फार थोड्या चाहत्यांना हा हक्क असतो. मँचेस्टरचा चाहता मालकांविरुद्ध फलक धरण्यापलीकडे काही करू शकत नाही. आपल्या क्रिकेट मंडळाच्या सभेत सामान्य चाहत्याला कोण विचारतो?

त्या हक्काचा उपयोग व्हायचा तर मंडळांनीही काही करायला हवे. मुदत किती, अपेक्षा काय, आढावा कधी आणि कोण घेणार, हे नेमणुकीच्या दिवशीच क्लबांना लेखी द्यायला हवे. मोसम संपल्यावर खेळाडूंशी, व्यवस्थापकाशी बोलून केलेला आढावा क्लबांसमोर ठेवायला हवा, त्यात मंडळाने स्वतः काय केले आणि काय नाही याचे पानही असावे. सरावाचा एखादा दिवस लोकांसाठी खुला ठेवायला काहीच खर्च येत नाही. आणि धमकीवजा किंवा घाणेरडी पत्रे आली, तर ती खोक्यात साठवण्याची वेळ व्यवस्थापकावर येऊ न देता मंडळाने पहिल्याच पत्राला त्याच्या पाठीशी जाहीरपणे उभे राहावे. फिट्झमॉरिस यांनी ती पत्रे उघड केली ती पद सोडताना. तोवर ती त्यांची एकट्याची होती.

फिट्झमॉरिस खेळापासून दूर गेले नाहीत. २०२४ मध्ये जिम गॅव्हिन यांच्या अध्यक्षतेखाली खेळाचे नियम बदलण्यासाठी समिती नेमली गेली तिच्यात ते होते. मेयोचे दोनदा पायउतार झालेले जेम्स होरन होते आणि २०१८ मध्ये क्लोन्सला केरीशी बरोबरी करणाऱ्या मोनाहनचे व्यवस्थापक मलाकी ओ’रूर्कही. दोन गुणांची कमान याच समितीची. त्या नव्या नियमांखालचा पहिलाच चषक केरीने जिंकला.